पाण्याचा हिशेब जुळत नाही: लिटर, घनमीटर आणि घनफूट यांच्या गोंधळाचे निवारण

गृहनिर्माण सोसायटीच्या पाण्याच्या हिशेबात मीटरवरची नोंद, टँकरची बिले आणि टाक्यांची क्षमता असे तीन आकडे असतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत ही तक्रार घेऊन येणारे सचिव व खजिनदार दर उन्हाळ्यात भेटतात. बहुतेक वेळा पाण्याची चोरी झालेली नसते, मीटर बिघडलेला नसतो आणि टाकीला तडाही गेलेला नसतो. एकक बदलताना किंवा माप घेताना हिशेब घसरलेला असतो, एवढेच. ही दुरुस्ती वारंवार केल्यावर एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. चुकीचा आकडा अपेक्षित आकड्याच्या किती पट आहे, हे आधी काढावे, कारण तो पटीचा आकडाच चूक कोठे झाली ते बहुधा सांगून टाकतो. पट मोठी असेल तर चूक एककात असते, आणि पट लहान असेल तर ती मोजमापात किंवा प्रत्यक्ष पाण्यात असते.

लक्षणे

सर्वांत जास्त दिसणारे लक्षण म्हणजे दोन आकड्यांत बरोबर एक हजार पटीचा फरक असणे. महापालिकेच्या बिलात वापर ६४८ असा छापलेला असतो, सोसायटीच्या वहीत तोच ६,४८,००० असा लिहिलेला असतो, आणि दोघांपैकी कोणीच आकड्यापुढे एकक लिहिलेले नसते. दुसरे लक्षण अधिक घाबरवणारे असते. टाकीच्या नकाशावरून क्षमता काढली असता उत्तर कोटींत किंवा अब्जांत येते, आणि ते पाहून गणित करणारा माणूस मधलीच काही शून्ये मनाने खोडतो. तिसऱ्या प्रकारात फरक सुमारे २८ किंवा ३५ पट असतो, क्वचित साडेचार पट असतो. चौथ्या प्रकारात उत्तर पटण्याजोगे दिसते, परंतु प्रत्यक्षात पाणी हिशेबापेक्षा पाचव्या किंवा तिसऱ्या हिश्श्याने कमी भरते. हा प्रकार सर्वांत फसवा असतो, कारण येथे आकड्याकडे पाहून कोणालाही शंका येत नाही आणि संशय थेट टँकरवाल्यावर जातो. शेवटच्या प्रकारात फरक दोन ते पाच टक्क्यांचा असतो आणि तो दर महिन्याला त्याच दिशेने राहतो.

पुढील तपासण्या बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होऊन मेहनतीच्या तपासणीकडे जातात. क्रम मोडू नये, कारण एककाची चूक आत शिल्लक असताना मीटर तपासायला निघालेला माणूस चांगला मीटर बदलून बसतो.

आधी आकड्यापुढचे एकक वाचावे

मीटरच्या तबकडीवर घनमीटराचे चिन्ह असते. नेहमीच्या यांत्रिक मीटरवर काळे अंक पूर्ण घनमीटर दाखवतात आणि लाल अंक किंवा लाल काटे घनमीटराचा अपूर्णांक दाखवतात. ×०.१ असे लिहिलेल्या काट्याचा एक भाग म्हणजे १०० लिटर, ×०.०१ च्या काट्याचा एक भाग म्हणजे १० लिटर आणि ×०.००१ च्या काट्याचा एक भाग म्हणजे १ लिटर. काळ्या अंकांना लिटर समजणे किंवा लाल अंक काळ्यांना जोडून एकच मोठी संख्या वाचणे, या दोन चुकांनी हजार पटीचे फरक निर्माण होतात. बिलावर काही ठिकाणी घनमीटराऐवजी किलोलिटर छापलेले असते; ती दोन्ही नावे एकाच आकारमानाची आहेत आणि त्यांच्यात कोणताही गुणाकार करायचा नसतो.

या टप्प्यावर अपेक्षित वापराचा अंदाजही काढून ठेवावा. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात दरमाणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. ४० सदनिका आणि प्रत्येकी चार माणसे धरली तर दिवसाला २१,६०० लिटर, म्हणजे २१.६ घनमीटर, आणि तीस दिवसांच्या महिन्याला ६४८ घनमीटर होतात. हा अंदाज हाताशी असला की आलेले उत्तर ६४८ च्या आसपास आहे, की ०.६ किंवा ६,००,००० च्या आसपास आहे, हे कागद न उलगडता समजते. ज्या वहीत प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहिलेले नाही, त्या वहीत चूक शोधत बसण्यापेक्षा आधी ती एकके लिहून घ्यावीत; अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात.

लांबीची एकके गुणाकाराच्या आधी बदलावीत

कोटी आणि अब्ज यांचे उगमस्थान येथे आहे. वास्तुविशारदाच्या नकाशावर मापे मिलिमीटरमध्ये असतात. टाकी ४,००० × ३,००० × २,००० अशी लिहिलेली असेल तर गुणाकार २,४०० कोटी घनमिलिमीटर येतो. एक मीटर म्हणजे १,००० मिलिमीटर हे सर्वांना पाठ असल्यामुळे या उत्तराला एकदाच १,००० ने भागले जाते आणि २ कोटी ४० लाख हा निरर्थक आकडा हाती राहतो. प्रत्यक्षात लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही मापांना १,००० ने भागायचे असते, म्हणून आकारमानाला १०० कोटींनी भागावे लागते. तसे केले की उत्तर २४ घनमीटर येते. मापे सेंटिमीटरमध्ये असतील तर भाजक १०० नसून १० लाख असतो. केवळ १०० ने भागले तर उत्तर १०,००० पट फुगते. म्हणजे फरक १०,००० पट किंवा १० लाख पट आढळला, तर चूक याच जागी आहे असे समजून पुढे शोधण्याची गरज नाही.

हे टाळण्याचा सोपा मार्ग असा की तिन्ही मापे आधी मीटरमध्ये लिहावीत, मग गुणाकार करावा आणि शेवटी एकदाच १,००० ने गुणून लिटर काढावेत. ४ × ३ × २ = २४ घनमीटर, म्हणजे २४,००० लिटर. यात शून्ये मोजण्याचा प्रसंगच येत नाही.

शाळेत पाठ केलेली दहा-दहाची उतरंड येथे अपाय करते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. लिटर, डेसिलिटर, सेंटिलिटर, मिलिलिटर या मालिकेत प्रत्येक पायरी दहा पटीची असते. घनमीटर, घनडेसिमीटर, घनसेंटिमीटर, घनमिलिमीटर या मालिकेत मात्र प्रत्येक पायरी हजार पटीची असते, कारण लांबीची दहा पट तिन्ही दिशांनी लागू होते आणि १० × १० × १० असा तिचा परिणाम होतो. दोन्ही मालिका दोनच ठिकाणी एकमेकींना भेटतात. एक घनडेसिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर असलेला घन, हा बरोबर एक लिटर असतो, आणि एक घनसेंटिमीटर हा बरोबर एक मिलिलिटर असतो. औषधाच्या सिरिंजवरचा सीसी आणि मिलि एकच असतो तो याच कारणाने. सेंटिलिटर आणि घनसेंटिमीटर मात्र एक नव्हेत. एका सेंटिलिटरमध्ये दहा घनसेंटिमीटर मावतात, आणि नावातील ‘सेंटि’मुळे ही गल्लत नेहमी होते.

जुन्या पुस्तकांत लिटर आणि घनडेसिमीटर यांत किंचित फरक दाखवलेला आढळतो आणि तो वाचून काही चौकस सभासद शंका काढतात. १९०१ साली लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानावरून केली गेली होती आणि ते आकारमान १.००००२८ घनडेसिमीटर भरत होते. १९६४ साली ही व्याख्या मागे घेऊन लिटर म्हणजे घनडेसिमीटरच असे ठरवण्यात आले. हजार लिटरमागे २८ मिलिलिटरचा तो फरक सोसायटीच्या हिशेबात कधीच दिसणार नाही.

फूट, गॅलन आणि ब्रास कोठे शिरले आहेत ते पाहावे

फरक सुमारे २८.३ पट असेल तर घनफुटाला लिटर समजले गेले आहे, आणि सुमारे ३५.३ पट असेल तर घनफुटाला घनमीटर समजले गेले आहे. एक घनफूट म्हणजे २८.३१७ लिटर, आणि एक घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट. गवंडी आणि प्लंबर आजही टेप फुटांत धरतात, त्यामुळे टाकीची मापे फुटांत आणि मीटरची नोंद घनमीटरात अशी सरमिसळ जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीत आढळते. फूट आणि इंच एकत्र आले असतील तर १,७२८ हा आकडा, म्हणजे बाराचा घन, डोके वर काढतो. खोदाई आणि खडीच्या बिलांत ब्रास असतो. तो १०० घनफुटांचा, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटरचा असतो, आणि नव्या टाकीच्या खड्ड्याच्या ब्रासवरून टाकीची क्षमता काढण्याचा मोह आवरावा, कारण खड्डा टाकीच्या भिंतींसह खणलेला असतो.

साडेचार पटीचा फरक गॅलनचा असतो. जुन्या इमारतींच्या कागदपत्रांत ५,००० गॅलन अशी नोंद असेल तर ती ब्रिटिश गॅलनची समजावी आणि ४.५४६ ने गुणून २२,७३० लिटर काढावेत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांवर दिवसाला १०० गॅलन असे लिहिलेले असते ते अमेरिकी गॅलन असतात. त्यांचा गुणक ३.७८५ आहे आणि उत्तर ३७८.५ लिटर येते.

वर्तमानपत्रातील धरणसाठ्याचे आकडे बैठकीत वाचून दाखवण्याची प्रथा आहे, म्हणून तेही सांगून ठेवतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट आणि दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एका टीएमसीचे २८.३१७ दलघमी होतात. हा आकडा वरच्या घनफूट-लिटरच्या आकड्यासारखाच आहे, कारण घनफुटाच्या बाजूला अब्ज आणि घनमीटराच्या बाजूला दशलक्ष घेतले की मधली हजार पट घनमीटर आणि लिटर यांच्यातील हजार पटीने भरून निघते. कोयना धरणाची १०५.२५ टीएमसी क्षमता या हिशेबाने सुमारे २,९८० दलघमी होते. महापालिकेचा एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, अर्थात १,००० घनमीटर. दहा लाखांच्या जागी एक लाख धरला गेला की दहा पटीचा फरक पडतो, आणि दहा पटीच्या फरकाचे कारण बहुधा तेच असते.

टाकीचा आणि टँकरचा आकार पाहावा

येथपर्यंतच्या तपासण्यांत काही सापडले नाही आणि फरक दीडपटीच्या आत असला, तर एककांना दोष देणे थांबवून टेप हाती घ्यावी. गोल टाकीचा हिशेब लांबी, रुंदी, उंची या सूत्राने केला तर उत्तर १.२७ पट येते. गोल टाकीसाठी व्यासाचा वर्ग, त्याला उंचीने गुणून ०.७८५४ ने गुणावे. हाच हिशेब शाळेतल्या π × त्रिज्येचा वर्ग × उंची या सूत्राने करताना त्रिज्येच्या जागी व्यास घातला गेला तर उत्तर चौपट येते. ही चूक तिच्या पटीमुळे लगेच ओळखू येते.

टँकरच्या बाबतीत हा मुद्दा पैशाचा आहे. टँकरची टाकी बहुधा लंबवर्तुळाकार छेदाची असते. तिची आतली लांबी ४ मीटर, सर्वाधिक रुंदी १.८ मीटर आणि सर्वाधिक उंची १.४ मीटर असेल तर पेटीच्या सूत्राने १०.०८ घनमीटर येतात आणि टँकरवर दहा हजार लिटर असे रंगवता येते. लंबवर्तुळासाठी तेच उत्तर ०.७८५४ ने गुणावे लागते आणि खरी क्षमता ७.९२ घनमीटर, म्हणजे सुमारे ७,९०० लिटर भरते. टँकरवाला दर वेळी फसवतच असतो असे नाही. अनेकदा त्यालाही कोणीतरी पेटीचेच सूत्र सांगितलेले असते. व्यवहारात मात्र पैसे दहा हजार लिटरचे दिले जातात.

आतली मापे आणि वापरण्याजोगी खोली

वरच्या उदाहरणातील ४ × ३ × २ मीटरच्या टाकीची लांबी-रुंदी बाहेरून घेतलेली असेल आणि भिंत २० सेंटिमीटर जाडीची असेल, तर आतली मापे ३.६ आणि २.६ मीटर उरतात. तळाचे क्षेत्रफळ १२ ऐवजी ९.३६ चौरस मीटर होते. पाण्याची आतली खोली २ मीटर असली तरी फ्लोट, म्हणजे आवक बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह, १.७ मीटरवर पाणी बंद करतो. मग टाकीत येणारे पाणी ९.३६ × १.७, म्हणजे १५.९ घनमीटर असते. कागदावरचे २४,००० लिटर प्रत्यक्षात १५,९०० भरतात. शिवाय पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळाच्या खालच्या टोकाची झडप, तळापासून वर असल्यामुळे शेवटचे काही सेंटिमीटर पाणी कधीच उचलले जात नाही. ‘टाकी पूर्ण भरली होती, मग दुपारीच कशी संपली?’ या प्रश्नाचे उत्तर गळतीत शोधण्याआधी या तीन मापांत शोधावे.

काठीची चाचणी

खर्च म्हणून एक सरळ काठी आणि खडू पुरतो, तरीही या चाचणीइतकी निर्णायक दुसरी चाचणी नाही. सरळ भिंतींच्या टाकीत पाणी एक सेंटिमीटर वर चढले की किती लिटर वाढले, हा आकडा एकदाच काढून टाकीच्या झाकणाजवळ रंगवून ठेवावा. तळाचे क्षेत्रफळ ९.३६ चौरस मीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ९३.६ लिटर. टँकर रिकामा करताना पंप आणि महापालिकेची जोडणी दोन्ही बंद ठेवावी, आधी आणि नंतर काठी बुडवून ओली खूण मोजावी. १०,००० लिटर पाणी आले असेल तर पातळी १०७ सेंटिमीटर चढली पाहिजे. ती ८५ सेंटिमीटरच चढली, तर टँकर ७,९०० लिटरच्या आसपासचा आहे आणि या निष्कर्षासाठी टँकरचे एकही माप घ्यावे लागत नाही. मात्र चाचणी सुरू करताना टाकीत तेवढी रिकामी जागा आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

त्याच काठीने मीटरही तपासता येतो. पंप बंद ठेवून महापालिकेचे पाणी ५० सेंटिमीटर चढू द्यावे. मीटरने त्या वेळात ४.६८ घनमीटरची नोंद केली पाहिजे. नोंद पाणी आल्यानंतर दहा मिनिटांनी सुरू करावी, कारण खंडित पुरवठ्यात रिकाम्या नळातील हवा पाण्याआधी मीटरमधून जाते आणि मीटर तीही मोजू शकतो. काठीच्या वाचनात अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी ५० सेंटिमीटरमध्ये एक टक्क्याचीच चूक होते, आणि चालू स्थितीतील मीटरलाही नेहमीच्या प्रवाहावर दोन टक्क्यांची सूट असते. म्हणून पाच टक्क्यांपेक्षा कमी फरकावरून मीटरवर आरोप करू नये.

गळतीसाठी रात्री अकरा वाजता सर्व आवक-जावक बंद करून खूण करावी आणि पहाटे पुन्हा मोजावे. बंद टाकीत बाष्पीभवन नगण्य असते, त्यामुळे दोन सेंटिमीटरची घट म्हणजे १८७ लिटर पाणी कोठेतरी गेले आहे, एवढे निश्चित म्हणता येते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तरी हेच लक्षण दिसते, म्हणून तडा शोधण्याआधी व्हॉल्व्ह पाहावा.

येथे थांबावे

वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या काठीच्या नोंदींत मीटरचा फरक दर वेळी पाच टक्क्यांहून जास्त आणि त्याच दिशेने येत असेल, तर त्या नोंदी जोडून महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे मीटर तपासणीचा अर्ज करावा. मीटर उघडू नये आणि त्याचे सील तोडू नये. सील तुटले की तक्रारदारच अडचणीत येतो. टँकरच्या मापाची तक्रार राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाकडे करता येते, आणि तेथे तारीख, टँकरचा क्रमांक, काठीची दोन्ही वाचने व बिलाची प्रत यांना तोंडी तक्रारीपेक्षा वजन असते.

रात्रीची घट कायम राहिली आणि सर्व व्हॉल्व्ह चांगले असल्याची खात्री झाली, तर जलरोधनाचे काम करणाऱ्या कारागिराला बोलवावे. तडा पाहण्यासाठी स्वतः किंवा पहारेकऱ्याला भूमिगत टाकीत उतरवू नये. बंद टाकीतील हवेत प्राणवायू कमी असू शकतो, उतरणारा माणूस शुद्ध हरपून पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. हवा तपासण्याचे साधन, बाहेर माणूस आणि दोर असलेल्या प्रशिक्षित चमूनेच हे काम करावे.

टाकी निर्जंतुक करण्याच्या औषधाचे प्रमाणही याच हिशेबावर अवलंबून असते. समजा आरोग्य विभागाने लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन सांगितले, तर १५,९०० लिटरला सुमारे ३२ ग्रॅम क्लोरीन लागते, आणि २५ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर सुमारे १२७ ग्रॅम लागते. क्षमता २४,००० धरली तर पावडर दीडपट पडते. येथे स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये. खरी क्षमता लिहून आरोग्य किंवा पाणी विभागाकडून मात्रा ठरवून घ्यावी.

हिशेब पूर्ण झाल्यावर क्षमता कमी पडते असे आढळले, तर गच्चीवर आणखी एक टाकी ठेवण्याचा ठराव लगेच मांडला जातो. एक घनमीटर पाण्याचे वजन जवळजवळ एक टन असते, म्हणजे ५,००० लिटरची टाकी स्लॅबवर पाच टन भार टाकते, आणि टाकीचे व तिच्या ओट्याचे वजन त्यात वेगळे मिळवावे लागते. हा भार कोणत्या तुळईवर आणि कोणत्या खांबावर जाणार, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लेखी दिल्याशिवाय प्लंबरला टाकी वर चढवू देऊ नये.